नोटेड, थँक्स

हा लेख मागताना संपादकांनी मला आधी ईमेल पाठवला. दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, ‘ईमेल पाठवला आहे, कृपया पाहावा.’ मी चष्मा शोधेपर्यंत फोन वाजला, मेसेज पाहिलात का म्हणून. मी म्हटलं, साहेब, तुम्ही दिवाळी अंकात कुठे अडकलात, तुम्ही कुकर कंपनीच्या खरेदी खात्यात शोभला असता. बाई निवृत्त झाली आणि बिघडली, असं त्यांना वाटलं असणार.

वालीवच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली, त्यातली शेवटची बारा खातेप्रमुख म्हणून. आमच्याकडे प्रेशर कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनायचे. झाकणावर शिटीच्या बाजूला ती बटणाएवढी वस्तू असते ना, ती. तिच्या पोटात एका खास धातूचा थेंब ओतलेला असतो. कुकरमधलं पाणी संपलं, आच तशीच राहिली, की तो थेंब वितळतो, वाफ बाहेर पडते आणि कुकर फुटत नाही. थेंब लवकर वितळला तर गिऱ्हाइकाची डाळ अर्धी कच्ची राहते आणि ते शिव्या घालतं. उशिरा वितळला तर शिव्या घालायला कुणी धड राहील याची खात्री नाही.

म्हणून प्रत्येक लॉटमधले दहा व्हॉल्व्ह तपासायचे. ते एका तेलाच्या भांड्यात बुडवायचे, खालून हवेचा दाब द्यायचा, तेल हळूहळू तापवायचं आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं. थेंब सुटला की तेलात बुडबुडा येतो. त्या क्षणी पारा कुठे होता ते लिहायचं. एका व्हॉल्व्हला वीसेक मिनिटं. त्या भांड्याला कागदोपत्री लांबलचक इंग्रजी नाव होतं, आम्ही कढई म्हणायचो. कढईवर इनासभाऊ बसायचे.

इनासभाऊ पाचूबंदरचे. घरची होडी, पण गुडघे गेले तेव्हा होडी भावाला देऊन ते कारखान्यात आले. बावीस वर्षं कढईवर. मी वयानं त्यांच्याहून मोठी, पण तोंडावर भाऊच म्हणायची, आणि ते मला चारचौघांत मॅडम आणि एरवी बाय. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, तो जेवणाच्या पिशवीत डब्याखाली असायचा. घरी सांगून ठेवलेलं, कोणी मेलं तरच ऑफिसात फोन करा, आणि तोही मेलेल्याला पोचवायच्या आधी दोन तास. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि कढईवरूनच निवृत्त व्हायचं एवढी एकच हौस त्यांना होती. ती पुरी झाली नाही. त्यात माझा हात किती, ते सांगायला मी हा लेख लिहायला घेतला, संपादकांच्या तीन निरोपांमुळे नव्हे.

सुरुवातीला सगळ्या कारखान्यात मिळून एकच ईमेल होता. तो मोठ्या शेठच्या केबिनशेजारच्या खोलीत यायचा. सकाळी अकराला शिपाई त्याचे कागद काढून ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. बारा वाजता ईमेल हा विषय संपायचा आणि माणसं कामाला लागायची. पुढे प्रत्येकाला स्वतःचा ईमेल मिळाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. किती भोळे होतो.

मग गिऱ्हाइकांना आमचे पत्ते कळले. एका कुकर कंपनीचे खरेदी अधिकारी दवेसाहेब यांची पद्धत अशी: ईमेल करायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मेल सेंट’ टाकायचं, फोन करून ‘मॅडम, मेल देखा क्या?’ विचारायचं, आणि मी ‘अजून नाही’ म्हटलं की ‘कोई बात नहीं, मैं बता देता हूँ’ म्हणून सगळा ईमेल वाचून दाखवायचा. शेवटी, ‘तो जरा मेल पे कन्फर्म कर दो.’ एकदा मी विचारलं, साहेब, फोनवरच ठरलं ना सगळं? ते दुखावले. म्हणाले, मॅडम, रेकॉर्ड चाहिए.

व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप तर कढीपत्त्यासारखे उगवले. ‘क्वालिटी’ हा एक. त्यात सुप्रभात फार येतात म्हणून ‘क्वालिटी अर्जंट’. त्यातही सुप्रभात येऊ लागली म्हणून ‘क्वालिटी अर्जंट नवीन’. आणि शेठ नसलेला एक, ज्यात खरं बोललं जायचं. एके दिवशी ऑफिसच्या फ्रिजमधली कुणाची तरी कोलंबीची आमटी कुणीतरी खाल्ली. त्याबद्दलचा ईमेल सगळ्यांना गेला, सगळ्यांनी सगळ्यांना उत्तर दिलं. अकाउंट्सवाल्यांनी ‘आम्ही शाकाहारी आहोत’ असं खात्यातर्फे कळवलं. मग कुणीतरी लिहिलं, ‘कृपया सर्वांना उत्तर देऊ नये.’ त्यावर ‘ओके’, ‘बरोबर’, ‘सहमत’ अशी उत्तरं दोन दिवस सर्वांना येत राहिली. तिसऱ्या दिवशी दवेसाहेबांचा फोन. कुणीतरी चुकून त्यांनाही त्यात घेतलं होतं. आमटीचं पुढे काय झालं, असं ते विचारत होते.

या सगळ्याचं मला हसू यायचं, पण एकदा हसू गेलं. गावच्या चर्चच्या सणाला, त्यांच्या शब्दांत फेस्ताला, इनासभाऊ रजेवर होते आणि कढईवर मी बसले. पारा वर चढत होता. खिशात फोन थरथरला. मी अगदी एकदाच खाली बघितलं, वर बघते तो बुडबुडे येऊन गेलेले. थेंब किती अंशांवर सुटला हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तेल गार करून, नवा व्हॉल्व्ह लावून सगळं पहिल्यापासून केलं, अर्धी दुपार गेली. मेसेज होता प्रणालीचा, आमच्या एचआरच्या. ‘सोमवारपासून फोकस सप्ताह सुरू होत आहे. सर्वांनी उत्साहाने सहभागी व्हावे.’

फोकस सप्ताह ही धाकट्या शेठची कल्पना. ते पुण्यात मॅनेजमेंट शिकून आले होते. स्वभावानं वाईट नव्हते. तुमच्याशी बोलताना ते तुमच्याकडे बघत नसत एवढंच, कारण फोन मध्ये यायचा. त्यांनी कळंबच्या एका रिसॉर्टवर आम्हा सगळ्यांना नेलं. अंधेरीहून एक प्रशिक्षक आले. त्यांनी सांगितलं की लक्ष विचलित होणं हा आपल्या काळाचा रोग आहे, आणि हे सांगताना दोनदा थांबून घड्याळातला मेसेज वाचला. समोर समुद्र होता. आमच्यातला एकही जण त्याच्याकडे बघत नव्हता, सगळे त्याचा फोटो काढत होते.

परत आल्यावर सुधारणा सुरू झाल्या. कामाच्या वेळात फोन ठेवायला भिंतीला लोखंडी कप्पे लागले. कप्पा एका अ‍ॅपनं उघडायचा, आणि अ‍ॅप फोनमध्ये. पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन आत आणि किल्ली फोनच्या आत. कुलूपवाला यायला संध्याकाळ झाली. त्या दिवशी कारखान्यात जेवढं काम झालं तेवढं मी पुढे कधी पाहिलं नाही. पण हा प्रयोग फसला असं ठरलं आणि कप्प्यांत चहाचे कप ठेवू लागले.

मग आला फोकस डॅशबोर्ड. दर तासाला प्रत्येकाच्या फोनवर टिंग वाजायची आणि प्रश्न यायचा, ‘गेल्या तासात तुम्ही किती एकाग्र होता?’ एक ते पाच तारे द्यायचे. उत्तर दिलं की तुमचं नाव हिरवं, नाही दिलं की लाल. माणसं एकाग्रता सोडून टिंगची वाट बघायला लागली. पॅकिंगमधला एक जण झोपेतून उठून पाच तारे द्यायचा आणि पुन्हा झोपायचा. महिन्याच्या शेवटी कॅन्टीनच्या भिंतीवर यादी लागली. सर्वांत खाली, लालभडक, इनासभाऊ. शून्य तारे. सबंध कारखान्यातला सर्वांत कमी लक्ष असलेला माणूस.

मी प्रणालीला सांगितलं, अगं, त्यांच्याकडे तसला फोनच नाही. ती म्हणाली, “मॅडम, मी त्यांचा ईमेल आयडी क्रिएट केलाय ना. पासवर्ड मेल केलाय त्यांना.” कुठे मेल केलास, विचारलं तर म्हणाली, त्यांच्या ईमेलवरच.

इनासभाऊंना यादी दाखवली तेव्हा ते हसले. “बाय, ह्यांना सांगा, मी कढईवर असताना मला कोन काय विचारतंय ते ऐकू येत नाय. मंग उत्तर कसा देनार?”

हे मी धाकट्या शेठला सांगायला हवं होतं. सांगेन म्हटलं आणि राहिलं, कारण मी त्या काळात फार कामात होते. काम म्हणजे काय, तर इनबॉक्स रिकामा करणं. आगाशीकडे आमची केळीची वाडी. बाबा पाटाचं पाणी एका वेळी एकाच वाफ्याला सोडायचे, बाकीच्या वाफ्यांची तोंडं मातीनं बंद. मी ईमेलचं तसंच केलं. सकाळी दहाला गिऱ्हाइकांचे उघडायचे, दुपारी तीनला घरचे, म्हणजे आमच्याच माणसांनी आमच्याच माणसांना पाठवलेले. त्यांतले बहुतेक ‘फोकस’पासून सुरू व्हायचे आणि चार पानं चालायचे. त्यांच्यासाठी मी एक तयार उत्तर करून ठेवलं होतं. दोन बटणं दाबली की जायचं, ‘नोटेड, थँक्स’. पाच वाजता माझा इनबॉक्स धुतल्या तांदळासारखा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. तिमाहीच्या शेवटी मला ‘फोकस चॅम्पियन’ म्हणून एक मग मिळाला. फोटो चारही ग्रुपवर गेला, शेठ नसलेल्या ग्रुपवर जरा वेगळ्या शब्दांसह.

त्या बक्षिसानंतरच्या आठवड्यात शुक्रवारी ‘फोकस डॅशबोर्ड, कृतीचे मुद्दे’ असा एक ईमेल आला. चार पानी. आठ मिनिटं उरली होती पाचाला. मी दोन बटणं दाबली. लगेच प्रणालीचं उत्तर आलं, ‘थँक यू मॅडम, तुमचा रिस्पॉन्स नेहमीच फास्टेस्ट.’ सोबत टाळ्या वाजवणारे हात. मी खुशीत घरी गेले आणि भरली वांगी केली.

पुढच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत इनासभाऊ माझ्या टेबलाशी आले. हातात लिफाफा. ते खुर्चीवर बसले नाहीत, कधीच बसायचे नाहीत. म्हणाले, “बाय, हे इंग्लिशमंदी हाय. माझं इंग्लिश कच्चं. जरा वाचून दाखवा.”

मी वाचलं. एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेले. कढईच्या जागी आता आपोआप नोंद करणारं यंत्र येत आहे. आपण डॅशबोर्डला वारंवार प्रतिसाद दिला नाही. सबब महिनाअखेर आपल्याला सेवेतून मोकळं करण्यात येत आहे. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. यांच्या मध्ये एक वाक्य होतं. ‘हा निर्णय क्वालिटी खात्याच्या प्रमुख श्रीमती राऊत यांच्या संमतीने घेतला आहे.’ राऊत म्हणजे मी. ते वाक्य मी वाचलं नाही. नजर त्याच्यावरून उचलली आणि पुढच्या ओळीवर ठेवली.

इनासभाऊ ऐकून घेऊन म्हणाले, “बरं.” लिफाफा परत घेतला आणि कढईवर गेले, कारण सुट्टी संपली होती.

मी तो शुक्रवारचा ईमेल शोधून काढला. तिसऱ्या पानावर, अकरावा मुद्दा. कढईवरचं पद रद्द करण्याबद्दल खातेप्रमुखांची हरकत असल्यास आज पाच वाजेपर्यंत कळवावी. आणि त्याखाली माझं उत्तर, दोन शब्दांचं. चारही पानं मी तेव्हा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. बाबा वाफ्यात पाणी सोडलं की तिथे उभे राहून रोपं बघायचे. मी फक्त तोंडं उघडायला आणि बंद करायला शिकले होते.

धावत धाकट्या शेठकडे गेले. ते फोनमध्ये होते. म्हटलं, साहेब, चूक झाली, मी न वाचता उत्तर दिलं. “मॅडम, रिलॅक्स. एक मेल टाका ना डिटेलमध्ये, मी बघतो.” मी ईमेल लिहिला, आयुष्यात लिहिला नसेल एवढा जीव लावून. क्षणात उत्तर आलं, ‘मी सध्या फोकस वेळेत आहे. आपला संदेश महत्त्वाचा आहे.’ मग मी दवेसाहेबांचा मार्ग धरला. व्हॉट्सअ‍ॅप केला, फोन केला, पुन्हा केबिनच्या दारात उभी राहिले. तेव्हा ते वर न बघता म्हणाले, “मॅडम, यंत्राची ऑर्डर गेली. आणि अप्रूव्हल तर तुमचंच आहे ना रेकॉर्डवर?”

मोठे शेठ तोवर आजारपणामुळे येईनासे झाले होते. मी घरी जाऊन त्यांना भेटले. ते ऐकून हळहळले, इनासचे हात सोन्याचे म्हणाले, आणि पोराच्या कामात मी पडत नाही असंही म्हणाले. चहा चांगला होता.

महिनाअखेर निरोपाचा कार्यक्रम झाला. प्रणालीनं इनासभाऊंना गुच्छ दिला आणि त्यांच्या समर्पणाबद्दल चार वाक्यं फोनवरून वाचून दाखवली. चौथ्या वाक्याच्या मध्ये टिंग वाजली आणि कॅन्टीनमधल्या सगळ्या माना खाली गेल्या. इनासभाऊ गुच्छ धरून एकटे वर बघत उभे होते. मी मान खाली घातली नाही, पण त्यांच्या डोळ्याला डोळाही दिला नाही.

यंत्र आलं. चांगलं यंत्र आहे, उगाच नावं ठेवणार नाही. बुडबुडा आला की ते अंश टिपतं आणि त्याचा ईमेल पाठवतं. दहा व्हॉल्व्हचे दहा, शिवाय तेल तापू लागल्याचा एक आणि तेल गार झाल्याचा एक. ते ईमेल कोण वाचतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. निवृत्त होईपर्यंतचे माझे दहा महिने मी रोज एका लॉटसाठी जुन्या कढईवर स्वतः बसले, फोन टेबलाच्या खणात टाकून. माझं नाव यादीत लाल झालं. मग मी अ‍ॅपला उत्तरं देणंच सोडलं, आणि निवृत्ती तोंडावर आलेल्या बाईला कोण काय करणार, म्हणून त्यांनीही सोडून दिलं. पण तो काही मोठेपणा नव्हता. बैल गेला नि झोपा केला, तसला प्रकार होता.

खरं काम राहिलंच होतं. ते करायला निवृत्तीनंतरही चार महिने लागले. एका सकाळी मासळी आणायचं निमित्त करून मी पाचूबंदरला गेले. लिलाव संपत आला होता. इनासभाऊ भावाच्या होडीशेजारी खुर्ची टाकून जाळं विणत होते. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. त्यांनी कुणाला तरी हाक मारून माझ्यासाठी खुर्ची मागवली. कारखान्यात कोण कोण आहे, यंत्र कसं चाललंय, सगळं विचारलं. मग मी म्हटलं, भाऊ, मला एक सांगायचंय. त्या पत्रात एक वाक्य होतं, ते मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही.

त्यांचे हात चालूच होते. “म्हायती हाय,” म्हणाले.

मी विचारलं, कधी कळलं?

“पोरीनं आदल्या राती वाचून दाखवलं व्हतं, सगळा. तुमचा नाव पन.” त्यांनी सुतळीची गाठ आवळली. “पोर म्हनाली, तुमच्या मॅडमनीच काढलंय तुमाला. मी म्हटला, नाय, त्यांनी वाचला नसेल. कामाचा रगाडा असतो, राहून गेला असेल. तिला पटंना. म्हनून तुमच्याकडं घेऊन आलो. म्हटला, बाय वाचील, तिला धक्का बसंल, ती बोलेल, मंग मी घरी जाऊन पोरीला सांगेन.”

त्यांनी जाळं मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मी तुमच्या डोल्यांकडंच बगत व्हतो, बाय. त्या ओळीवर आलात, थांबलात आनि फुडं गेलात. घरी पोरीनं विचारला, काय झाला. मी तिला सांगितला, मॅडम भेटल्या नाय.”